ॲक्युपंक्चरच्या उपचाराला जाताना

ॲक्युपंक्चर म्हणजे शरीरातील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा उपचार. त्याच्या पहिल्या भेटीच्या किमान दोन आठवडे आधी एक वही घ्यावी आणि ज्या दुखण्यासाठी उपचार घ्यायचे आहेत त्याची रोजची नोंद ठेवावी. शून्य ते दहा या मापावर आज दुखणे किती होते, रात्री किती वेळा जाग आली, किती वेळ सलग चालता किंवा बसता आले, वेदनाशामक गोळी घ्यावी लागली का, एवढे लिहिले तरी पुरते. जुनाट दुखणे मुळातच कमीजास्त होत असते. बहुतेक जण उपचाराला जातात ते दुखणे असह्य झाल्यावर, आणि मग ते आपल्या गतीने ओसरले तरी श्रेय मात्र सुयांना मिळते. आधीची नोंद हाताशी असली म्हणजे ही गफलत बरीच टळते.

त्याहून आधी करायचे काम म्हणजे दुखण्याचे निदान. छातीत दुखणे, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, हातापायातील शक्ती जाणे, कारण नसताना वजन घटणे, अशी लक्षणे असल्यास प्रथम डॉक्टरांकडेच जावे. चालू असलेली औषधे स्वतःच्या किंवा उपचारकाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. कर्करोग, मधुमेह किंवा जंतुसंसर्ग केवळ सुयांनी बरा करण्याचे आश्वासन कोणी दिले, तर तेथून उठून यावे, हेच शहाणपणाचे.

उपचारकाने प्रशिक्षण कोठे घेतले आणि स्थानिक नियमांनुसार आवश्यक असल्यास त्याची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, त्यांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि वापरलेल्या सुया बंद डब्यात टाकल्या जाव्यात. या बाबतीत तडजोड नको.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ विचारपूस करण्यात जातो. पारंपरिक पद्धतीचा उपचारक नाडी आणि जीभ पाहतो, तसेच झोप, भूक आणि पचन यांविषयी विचारतो. गुडघ्यासाठी आलेल्या माणसाला हे प्रश्न विषयांतर वाटतात, पण त्या पद्धतीत बिंदूंची निवड यांवरूनच होते. चिनी परंपरेनुसार ‘ची’ नावाची ऊर्जा शरीरातील मार्गांनी वाहते आणि त्या मार्गांवर ३६१ बिंदू असतात. शरीररचनाशास्त्राला असे मार्ग आढळलेले नाहीत. सुई टोचल्याने मज्जातंतू उद्दीपित होतात आणि एंडॉर्फिनसारखी वेदना शमवणारी द्रव्ये शरीरातच स्रवतात, असे आधुनिक स्पष्टीकरण आहे. रक्त पातळ करणारी औषधे, रक्त न गोठण्याचा विकार, गरोदरपण, पेसमेकर आणि धातूची ॲलर्जी यांविषयी उपचारकाने विचारले नाही, तरी आपण आवर्जून सांगावे. पेसमेकर असलेल्यांनी सुयांना वीजप्रवाह जोडण्याचा प्रकार टाळावा.

उपाशीपोटी जाऊ नये, कारण चक्कर येण्याची शक्यता त्याने वाढते. कपडे सैल असावेत.

खरी धास्ती असते ती सुईची, आणि ती बहुधा इंजेक्शनच्या आठवणीतून आलेली असते. रक्त काढण्याची सुई पोकळ आणि साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असून तिची जाडी बहुतेकदा ०.१६ ते ०.३० मिलिमीटर असते. टोचताना डास चावल्यासारखे वाटते, कधी तेवढेही जाणवत नाही. नंतर त्या जागी जडपणा, मुंग्या किंवा बोथट ठणका जाणवतो. चिनी परंपरेत या संवेदनेला ‘दे-ची’ म्हणतात आणि सुई नेमकी लागल्याची ती खूण मानली जाते. मात्र विजेचा झटका बसल्यासारखी किंवा जळजळणारी तीव्र कळ आली, तर ‘हे असेच असते’ असे समजून ती सोसू नये. लगेच सांगावे, म्हणजे सुई मागे घेता येते किंवा काढता येते. सुया साधारणपणे वीस ते तीस मिनिटे ठेवतात. त्या वेळात हालचाल करू नये. बऱ्याच जणांना चक्क झोप लागते. दुखऱ्या गुडघ्यासाठी हातावर किंवा पावलावरही सुया टोचल्या गेल्या, तर आश्चर्य वाटू देऊ नये.

सुया काढल्यावर एखादा रक्ताचा थेंब येणे, लहानसे काळेनिळे पडणे, गुंगी किंवा थकवा वाटणे हे नेहमीचे आहे, म्हणून पहिल्या वेळी तरी लगेच वाहन चालवू नये. छातीच्या भागात फार खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला इजा होण्याचा प्रकार अगदी विरळा. पण उपचारानंतर दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

गुण किती येईल, या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत नाही. कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये ताणाची डोकेदुखी आणि अर्धशिशी रोखण्यासाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सत्रांचा विचार करण्यास सांगितले. २०१६ मध्ये त्याच संस्थेने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले, तर ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी ते सुचवले. मतभेदाचे एक कारण असे की, बनावट सुयांशी (म्हणजे त्वचेत न शिरणाऱ्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या सुयांशी) तुलना केली असता खऱ्या सुयांचा जादा फायदा अनेक अभ्यासांत लहानच दिसतो. तरीही जुनाट दुखण्यात काही रुग्णांना आराम पडतो, आणि जोखीम कमी असल्याने मर्यादित काळ करून पाहण्यास हरकत नसावी असे मला वाटते.

पहिल्या सत्रानंतर एखादा दिवस दुखणे वाढू शकते, तेव्हा निष्कर्ष काढण्याची घाई नको. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन सत्रे असतात. पाच-सहा सत्रे झाल्यावर वही उघडून आधीच्या दोन आठवड्यांची शेवटच्या दोन आठवड्यांशी तुलना करावी. आकडे, झोप आणि गोळ्यांची संख्या यांत काहीच फरक नसेल, तर पुढील सत्रांचे पैसे आगाऊ भरू नयेत आणि उपचारकाला तसे स्पष्ट सांगावे.