लहान मुलांना जोड्या शिकवताना या चुका टाळा

तीन सदरे, दोन पँट, म्हणून तीन गुणिले दोन. चौथीच्या वर्गात धडा इथूनच सुरू होतो आणि इथेच बिघडतो. पोरं माना डोलावतात. मग चार मुलांतून दोघांची जोडी किती प्रकारे निवडता येईल विचारलं, की तीच पोरं चार दुणे आठ म्हणून मोकळी. गुणाकार आधी फळ्यावर लिहूच नका. आधी चिंचोके मांडू द्या.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. पोळ्याच्या आठवड्यात विचारलं: ढवळ्या, पवळ्या, सर्ज्या, राजा या बैलांतून दोन-दोनच्या जोड्या किती? मला ६ हवे होते. एकानं ४ लिहिलं. मी लाल पेनानं फुली मारली आणि पुढं गेलो. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. "सर, ढवळ्या अन् पवळ्या दोघंई उजव्या अंगाचे हायेत. एका जुवाले कसे जुपता?"

त्यानं आपल्या घरचेच चार बैल मनात धरले होते. ज्या बाजूला जुंपायची सवय लागली, बैल त्याच बाजूला नीट चालतो. दोन उजवे, दोन डावे, म्हणजे जोड्या चारच. बाजू बघायचीच नसेल तर ६. कोणताही बैल कुठेही चालतो आणि बाजू बदलली की जोडी वेगळी धरायची, तर १२. माझा प्रश्नच अर्धवट होता. ती फुली मी सगळ्या वर्गासमोर खोडली. तेव्हापासून चूक म्हणण्याआधी "मला मांडून दाखव" म्हणतो.

यादी मनाला येईल तशी करू देऊ नका, एखादी जोडी हमखास सुटते. राजाला धरा: ३ जोड्या. राजाला गोठ्यात बांधा, सर्ज्याला धरा: २. उरली १.

सुरुवातीला पाच वस्तूंच्या पुढं जाऊ नका.

गाईडमधलं सूत्र या वयात नकोच. एका तासात धडा संपवायची घाई नव्या शिक्षकांना फार असते. मी चार दिवस देतो, आणि ते चार दिवस वाया जात नाहीत.

पुढं धावणाऱ्या मुलांना सहा चवी द्या: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. सुश्रुतसंहितेत एकेकट्या चवीपासून सहाही चवी एकत्र येईपर्यंत त्यांचे ६३ भेद मोजले आहेत. मुलांना आधी फक्त दोन-दोनच्या जोड्या शोधू द्या, त्या १५ निघतात. आंबट-गोड आणि गोड-आंबट एकच का, यावर त्यांना मनसोक्त भांडू द्या.