५.१ लावू की स्टिरिओ? घरच्या सेटवर ऑडिओ ट्रॅक निवडताना काय बघायचं

सिनेमा लावला की ऑडिओच्या मेनूत दोन-तीन पर्याय येतात, नुसतं मराठी (हा बहुतेक स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरसाठीचा आवाज), मराठी ५.१, कधी ॲटमॉस (डॉल्बीचा, वरूनही आवाज येणारा प्रकार), आणि मोठा आकडा दिसला की आपला हात तिकडेच जातो. मग दहा मिनिटांत घरातलं कोणीतरी म्हणतं अरे आवाज वाढव, काय बोलतायत काही कळत नाहीये, वाढवला की लगेच मारामारी सुरू होते आणि शेजारी जागे होतात. आमच्याकडे हे रोजचं होतं. बाबांचं वय झालंय म्हणून त्यांना ऐकू येत नसेल असं मी कित्येक महिने धरून चाललो होतो आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण नुसता ट्रॅक बदलल्यावर त्यांना सगळं नीट ऐकू यायला लागलं.

५.१ म्हणजे सहा वेगळे चॅनल. पुढे डावा, उजवा आणि मधला सेंटर, बाजूला किंवा मागे दोन सराउंड, आणि तो .१ म्हणजे सबवूफरसाठी वेगळा ठेवलेला धडधडणारा खालचा आवाज, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा. सिनेमात संवाद जवळपास सगळे सेंटरमधून येतात. आता तुमच्याकडे टीव्हीचेच दोन स्पीकर असतील तर टीव्हीला हे सगळं दोनात बसवावं लागतं, सेंटर दोन्हीकडे वाटून दिला जातो, सराउंडमधला पाऊस गर्दी म्युझिक त्याच्यावरच येऊन पडतं, .१ बहुतेक वेळा सोडूनच दिला जातो, आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण लेव्हलही खाली आणतात. संवाद दबणारच ना. स्टिरिओ ट्रॅक दोन स्पीकरसाठीच बनवलेला असतो, म्हणून दोन स्पीकर असतील तर डोळे मिटून स्टिरिओ लावा. (कधी कधी स्टिरिओ ट्रॅक पण ५.१ वरूनच आपोआप काढलेला असतो, तेव्हा फार फरक जाणवणार नाही.)

पण आमच्याकडे तर पाच स्पीकर आहेत असं म्हणणाऱ्यांनी आधी स्पीकर सेटच्या मागे जाऊन बघा. मी पहिला सेट घेतला तेव्हा खोक्यावर ५.१ छापलेलं होतं, स्पीकर पाच, सबवूफर एक, आणि मागे आत जायला फक्त लाल-पांढऱ्या पिनांची जोडी आणि ब्लूटूथ. म्हणजे आत येणारा आवाजच स्टिरिओ, तोच पाचही डब्यांत वाटला जायचा, मागच्या स्पीकरमधून हिरो आणि पुढच्यातून पण हिरो. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरमधून सेटकडे पाठवणारी जोडणी) किंवा ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणारी वायर) इनपुट आणि आत डॉल्बी किंवा डीटीएस डिकोडर (या पद्धतींनी दाबलेला ५.१ आवाज उलगडणारा भाग) असेल तरच टीव्हीवरून खरं ५.१ मिळतं. नसेल तर स्टिरिओच लावा, त्यात कमीपणा काही नाही.

वायर आणि सेटिंग एकदाच नीट करून ठेवा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट म्हणून काहीतरी असतं, ते पीसीएमवर (न दाबलेला, उलगडलेला डिजिटल आवाज) असेल तर साध्या एआरसी किंवा ऑप्टिकलमधून स्टिरिओच बाहेर पडतो, ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रूवर टाका, म्हणजे आवाज न उलगडता तसाच सेटकडे जातो. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातं, पण ॲपवाले बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस देतात, ते ऑप्टिकलमधून जात नाही, म्हणून एआरसी असेल तर तीच वायर वापरा. ब्लू-रेचा पूर्ण दर्जाचा ट्रॅक टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ईएआरसी, म्हणजे जास्त डेटा नेणारी एआरसीची नवी आवृत्ती लागते.

आता जागा. सराउंड स्पीकर खरं तर बसणाऱ्याच्या बाजूला जरासे मागे, समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर हवेत. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा भिंतीलाच चिकटलेला, मागे जागाच नाही, म्हणून लोक एक सराउंड शोकेसवर ठेवतात आणि दुसरा खिडकीत. असं ठेवण्यापेक्षा सराउंड काढून टाका आणि पैसे सेंटरवर घाला, हे मी अगदी मनापासून सांगतोय. कारण दोन स्पीकरमध्ये संवाद मधून आल्यासारखा वाटतो तो फक्त बरोब्बर मध्ये बसणाऱ्याला, बाल्कनीजवळच्या खुर्चीवर बसलेल्या आजीला तो सगळा जवळच्या स्पीकरमधूनच येतो. सेंटर असला की पाच जण पाच ठिकाणी बसले तरी आवाज पडद्यातूनच येतो. तेव्हा ५.१ चा ट्रॅक लावा, सेटिंगमध्ये सराउंड नाहीत असं सांगा, आणि सेंटर २-३ डेसिबलने वर घ्या. रात्री नाइट मोड लावा, त्याने मोठे आवाज खाली येतात आणि कुजबुज वर येते.

गाण्यांचं गणित वेगळं आहे. कॉन्सर्टच्या डीव्हीडीवर पीसीएम स्टिरिओ असेल तर तो १५३६ केबीपीएसचा (सेकंदाला इतके हजार बिट), कसलीही काटछाट नसलेला, आणि डॉल्बी ५.१ जास्तीत जास्त ४४८ चा, तेही सहा चॅनलमध्ये वाटलेलं. डीव्हीडीवर मी स्टिरिओच लावतो, तंबोऱ्याची आस त्यात जास्त स्वच्छ वाटते. ब्लू-रेवर दोन्ही ट्रॅक पूर्ण दर्जाचे असतील तर मग ५.१ ऐका, टाळ्या आणि सभागृहाचा घुमारा मागून आला की छान वाटतं.

जुन्या सिनेमांच्या आवाजाला मात्र हात लावू नका. प्रभातचे १९३० च्या दशकातले बोलपट मोनो, म्हणजे एकाच चॅनलचे आहेत, मूळ मोनो ट्रॅक मिळत असेल तर तोच घ्या. नाटकाच्या रेकॉर्डिंगला पण रिसीव्हरचं (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या मशीनचं) आपोआप सराउंड करणारं बटण बंद करून डायरेक्ट मोडवर ठेवा, नाहीतर नटाचा आवाज पोकळ होतो.

अजूनही ठरत नसेल तर एकच दोन मिनिटांचा तुकडा, पावसात किंवा गर्दीत हळू बोलण्याचा, दोन्ही ट्रॅकवर ऐका. ५.१ बरेचदा हळू वाजतो आणि कानाला मोठा तोच चांगला वाटतो, म्हणून आधी दोन्हीचा आवाज सारखा करून घ्या. आणि ऐकताना सोफ्याच्या मध्ये बसू नका, ज्या खुर्चीवरून रोज तक्रार येते तिथे जाऊन बसा.