घराचा हिशोब वर्षाचा मांडा

मंत्रालयात मला 19 वर्षं झाली, सध्या सहायक कक्ष अधिकारी आहे. राहायला डोंबिवलीत. नव्याने लागलेल्या मुली विचारतात, ताई, घर कसं सांभाळता? माझी रीत सांगते.

हिशोब आठवड्याचा धरू नका, वर्षाचा धरा. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आम्ही चौघं जेवणं उरकून पेन घेऊन बसतो. आधी अधिवेशनं: अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि डिसेंबरात नागपूर. तिथे तांबडी रेघ. तारांकित प्रश्नांची, म्हणजे आमदारांच्या ज्या प्रश्नांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यांची, उत्तरं तयार करायची असली की रात्रीचे नऊ वाजले तरी जागेवरून उठता येत नाही. अशा दिवसांत घरी ‘लवकर येते’ म्हणूच नका. लेक दुसरीत असताना मी म्हणाले होते. आले तेव्हा ती दाराशी चपलांच्या स्टँडला टेकून झोपली होती, मला दाखवायची चित्रकलेची वही छातीशी धरून. तेव्हापासून खोटी वेळ देत नाही. अधिवेशन संपल्यावरच्या चार दिवसांवर मात्र हिरवी रेघ, आणि त्या रजेचा अर्ज महिनाभर आधी.

घरात ‘मदत’ मागू नका, अख्खं खातं सोपवा. आमच्याकडे डबे नवऱ्याचे. भाजी कोणती, आणायची कधी, डबे घासायचे कधी, सगळं त्याने बघायचं. पहिला महिनाभर भेंडीच होती. आपण मध्ये बोलायचं नाही, हे खरं अवघड. पण बोललात की खातं परत तुमच्याकडे आलंच.

येताना सीएसएमटीला बसायला जागा मिळते, तेव्हा मांडीवर पेपर पसरून मेथी निवडते. एक जुडी कुर्ल्यापर्यंत, दुसरी ठाण्यापर्यंत. पानं पिशवीत, देठं पेपरात. ठाणं सुटलं की हात पुसायचे आणि डोळे मिटायचे. पुढची वीस मिनिटं माझी. तेव्हा ऑफिसचा फोनही घेत नाही.

29 फेब्रुवारी 2020 पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा झाला. बदल्यात रोजची वेळ सव्वासहापर्यंत गेली. सुरुवातीचे शनिवार मी माळे झाडण्यात घालवले, फार वाईट वाटतं त्याचं. आता शनिवारी सकाळी पेटीच्या क्लासला जाते. मोकळा झालेला वेळ आधी स्वतःच्या नावावर करा, कामं काय, येतच राहतात.

आणि बालसंगोपन रजा विसरू नका. राज्य शासनात महिलांना संपूर्ण सेवेत 180 दिवस मिळतात, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. ती पोरांच्या तापापाण्यात संपवू नका, परीक्षांसाठी राखून ठेवा. यंदा लेकीची दहावी आहे, नेमकी अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या तोंडावर. म्हणून सप्टेंबरातच साहेबांच्या कानावर घातलंय, आणि माझ्याकडचं ऑफिसचं काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीला रोज अर्धा तास समजावून देतेय.