तालमीचा युद्धकाळ कसा लिहावा : बडोद्यातील जुन्या व्यायामसंस्थांसाठी

बडोद्यातील बहुतेक जुन्या तालमींच्या स्मरणिकांत संस्थापकांची तसबीर असते, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाचे वर्णन असते आणि नंतर एकदम स्वातंत्र्य उजाडते. मधल्या काळात, विशेषतः १९३९ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत, आखाडा कसा चालला याविषयी दोन ओळीही सहसा सापडत नाहीत. ही उणीव ज्या संस्थेला भरून काढायची आहे, तिने स्मरणिका बाजूला ठेवून प्रथम रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, शोधावी.

सभांचे इतिवृत्त वाचायला सोपे असल्याने लोक तिकडे आधी वळतात. परंतु ठरावावरून कार्यकारी मंडळाला काय करावेसे वाटत होते एवढेच कळते, प्रत्यक्षात काय झाले ते कीर्दीत उतरते. कुस्तीच्या हौद्याच्या मातीत घालायचे तेल, ताक व हळद, मलखांबासाठी एरंडेल, दिवाबत्तीचे रॉकेल, वस्तादांचे मानधन, दसऱ्याचे हार-नारळ अशा बाबींचे दर व परिमाण युद्धापूर्वीच्या निदान चार वर्षांपासून एका तक्त्यात मांडावेत. दर वाढत गेले हे दिसेलच, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. खरे लक्ष परिमाणाकडे द्यावे. तेल कमी होत होत एखाद्या वर्षी नोंदच नाहीशी झाली, पण वर्गणीची जमा मात्र चालू राहिली, तर मुले येत होती आणि मातीची मशागत थांबली होती, असा निष्कर्ष काढता येतो. त्याला हजेरीपटाचा आधार मिळाला तर उत्तम.

तारखांच्या बाबतीत बडोद्यात विशेष सावधगिरी लागते. मराठी कारकुनाने शक वापरला असेल, गुजराती व्यापाऱ्याच्या पावतीवर विक्रम संवत असेल, आणि हा संवत कार्तिकात बदलणारा असल्यामुळे उत्तरेकडील पंचांगावरून तो ताडल्यास चैत्र ते आश्विन या महिन्यांत एका वर्षाची चूक होते. उदाहरणार्थ, १९४२ चा श्रावण गुजराती पावतीवर संवत १९९८ चा, तर मराठी वहीत शके १८६४ चा असतो. त्यात संस्थानचे प्रशासकीय वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपत असे. म्हणून ऑगस्ट १९४२ च्या घडामोडी १९४१-४२ च्या राज्यकारभाराच्या अहवालात शोधणे व्यर्थ आहे, त्यासाठी पुढच्या वर्षाचा अहवाल पाहावा. वेळेचेही असेच आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत देशातील प्रमाणवेळ एक तास पुढे नेलेली होती, त्यामुळे या काळात सकाळची तालीम पाचाऐवजी सहाला भरू लागल्याची नोंद दिसली तर मंडळी आळसावली असे लगेच लिहू नये.

वह्या मोडीत असल्यास मोडी जाणणाऱ्याकडून संपूर्ण लिप्यंतर करून घ्यावे. ‘महत्त्वाची’ पाने निवडून दिली की ज्या क्षुल्लक नोंदींसाठी हा खटाटोप चालला आहे त्याच गळतात. ज्यांच्या वह्या १९२७ च्या पुरात गेल्या असतील त्यांना पुरापूर्वीचा भाग बाहेरच्या साधनांवर उभा करावा लागेल. बडोदे हे संस्थान होते, ब्रिटिश मुंबई इलाख्याचा भाग नव्हे. त्यामुळे येथील हुकूम संस्थानच्या आज्ञापत्रिकेत, म्हणजे राजपत्रात, पाहावेत. विश्वस्त संस्था म्हणून झालेल्या नोंदणीची कागदपत्रे मात्र पुढची असतात, कारण १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा मुंबईचा कायदा १९५० चा आहे. त्या अर्जात लिहिलेले स्थापनावर्ष अनेकदा स्मरणावरून दिलेले असते, म्हणून ते पुरावा न मानता दावा मानावे. वर्तमानपत्रे जरूर चाळावीत, पण युद्धकाळात कागदावर नियंत्रण येऊन अंकांची पाने घटली होती. कुस्त्यांच्या बातम्या आटल्या म्हणून कुस्त्याच बंद झाल्या असे ठरत नाही.

त्या काळी दहा वर्षांचे असलेले आज नव्वदी ओलांडलेले आहेत, म्हणून आठवणी बहुधा पुढच्या पिढीकडूनच ऐकाव्या लागतील. सांगणाऱ्याला साल विचारू नये, खूण विचारावी. महाराज गेले त्याच्या आधी की नंतर (६ फेब्रुवारी १९३९)? वर्गणीत भोकाचा पैसा येत असे का (तो १९४३ पासूनचा)? हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली (मार्च १९४७), तेव्हा वस्ताद हयात होते का? अशा खुणांमध्ये आठवण बसवली की तिचा काळ पुष्कळ नेमका होतो.

सर्वांत नाजूक भाग १९४२ च्या ‘छोडो भारत’ चळवळीचा. १८ ऑगस्टला आणंदजवळच्या अडास रेल्वे स्थानकावर बडोद्याहून गेलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांत आपल्या तालमीचा त्या चळवळीशी संबंध सांगण्याची ओढ स्वाभाविकच आहे. तो संबंध हजेरीपट, वर्गणीची पावती किंवा समकालीन पत्र यांपैकी एकात तरी दिसला तरच ठामपणे लिहावा. नाहीतर ‘असे सांगितले जाते’ म्हणून सांगणाऱ्याच्या नात्यासह नोंदवावा. याउलट युद्धनिधीला दिलेली देणगी सापडली तर ती लपवू नये. संस्थानची युद्धाला मदत उघड होती, ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचे नाव होते, आणि दरबारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला नकार देणे सोपे नव्हते. एकाच कीर्दीत युद्धनिधी आणि तुरुंगातून सुटलेल्या सभासदाच्या सत्काराचा खर्च मागेपुढे आढळल्यास दोन्ही नोंदी तारखांसह जशाच्या तशा छापाव्यात.

मजकूर छापण्यापूर्वी कीर्दीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, पानांना पेन्सिलीने क्रमांक द्यावेत आणि लेखातील प्रत्येक आकड्यापुढे तो पानक्रमांक घालावा. मूळ वही कार्यवाहांच्या घरी न ठेवता संस्थेच्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावी आणि छायाचित्रांचा एक संच शहरातील एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावा.