पुढच्या टायरची गोलाई आणि मोटारसायकलचे वळणे

टायरच्या बाजूवर 120/70-17 असे आकडे छापलेले असतात. त्यांतील 120 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 70 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, म्हणजेच 84 मिलिमीटर, आणि 17 हा रिमचा इंचांतील व्यास. हे माप कोणत्या रिमसाठी आहे ते या आकड्यांवरून समजते. मात्र रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाची आडवी गोलाई त्यांत कोठेच येत नाही, आणि गाडी वळणात कशी उतरेल हे मुख्यतः तीच ठरवते. म्हणूनच एकाच मापाचे दोन वेगळ्या बनावटीचे टायर त्याच गाडीला अगदी निराळा स्वभाव देतात.

यामागचे कारण एकदा नीट समजले की पुढचे सर्व निदान सोपे होते. गाडी कलू लागली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग कलाच्या दिशेने सरकतो. मध्यभागी गोलाई तीव्र असेल, तर पहिल्या काही अंशांच्या कलात हा भाग फारसा सरकत नाही, गाडीला उभे ठेवू पाहणारा विरोध कमी पडतो आणि हँडलला किंचित दाब देताच गाडी वळणात उतरते. अशा टोकदार टायरच्या बाजू तुलनेने सपाट असल्यामुळे खोल कलात रबराचा मोठा पट्टा रस्त्याला लागतो. मात्र मध्याकडून बाजूकडे जाताना प्रतिसादाचा वेग बदलतो आणि नवख्या चालकाला गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. संथ, एकसारख्या गोलाईच्या टायरमध्ये कल हळूहळू आणि अंदाजाप्रमाणे वाढतो. रोजच्या वापरासाठी आणि लांबच्या प्रवासासाठी मी नि:संकोचपणे दुसऱ्या प्रकाराची शिफारस करीन, कारण ओल्या किंवा अनोळखी रस्त्यावर चपळाईपेक्षा खात्री अधिक उपयोगाची असते.

गोलाई डोळ्यांनी अजमावणे फसवे असते, म्हणून तिचा साचा घ्यावा. चाक स्वच्छ पुसून, टायर थंड असताना हवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी भरावी. जाड पुठ्ठ्यात टायरच्या रुंदीचा अर्धगोल कापून तो टायरवर आडवा धरावा आणि जेथे फट दिसेल किंवा पुठ्ठा अडेल तेथे थोडे थोडे कापत, तो सर्वत्र नीट टेकेपर्यंत सुधारत न्यावा. मग ही रेषा कागदावर उतरवून त्यावर तारीख, किलोमीटर आणि डावी-उजवी बाजू लिहावी. टायर नवा असतानाच हे केले, तर पुढच्या प्रत्येक तपासणीला तुलनेसाठी आधार मिळतो.

सरळ रस्त्यावर जास्त चाललेल्या टायरचा मध्य सपाट होतो. अशी गाडी सुरुवातीला कलायला विरोध करते आणि सपाट भागाची कड ओलांडताच झटकन खाली जाते. वळणांच्या रस्त्यांवर वापरलेल्या पुढच्या टायरचे खांदे, म्हणजे मध्य आणि कडा यांमधले बाजूचे भाग, आधी झिजतात आणि आकार त्रिकोणी होतो. तेव्हा हँडल आत ओढल्यासारखे वाटते. तळहात टायरवरून पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागले, तर नक्षीचे ठोकळे एका कडेने झिजले आहेत. यांपैकी कोणतीही झीज हवा भरून किंवा सस्पेन्शन बदलून भरून निघत नाही.

अधिक रुंद टायर बसवण्याचा मोह आवरावा. त्याच वेगाने तेच वळण घेण्यासाठी रुंद टायरला अधिक कल लागतो. शिवाय कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबल्यावर बाजूला सरकलेल्या स्पर्शभागावर मागे खेचणारा जोर पडून हँडल वळणाच्या आतल्या बाजूस फिरते, गाडी उभी राहू पाहते आणि वळणाबाहेर जाते. रुंदीबरोबर हा परिणाम वाढतो. रिमचाही येथे संबंध आहे: रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या कडा आवळल्या जाऊन गोलाई टोकदार होते, तर जास्त रुंद रिमवर तो पसरून चपटा होतो.

भिंतीची उंची बदलली की भूमितीही बदलते. 120/70 च्या जागी 120/60 बसवला, तर त्रिज्या 12 मिलिमीटरने घटते. हँडल ज्या आसाभोवती फिरते त्याचा उभ्या रेषेपासूनचा कल 24 अंश आणि दोन चाकांतील अंतर 1400 मिलिमीटर धरले, तर केवळ त्रिज्येमुळे ट्रेल (ह्या आसाची रेषा जमिनीला मिळते तेथपासून टायरच्या स्पर्शभागापर्यंतचे अंतर) सुमारे 5 मिलिमीटरने कमी होतो आणि पुढचा भाग खाली आल्याने आस अर्ध्या अंशाने उभा होऊन आणखी सुमारे 3 मिलिमीटर जातात. साधारण 100 मिलिमीटर ट्रेलच्या गाडीत हा फरक हँडलला स्पष्ट जाणवतो: गाडी चपळ होते आणि जास्त वेगात अस्थिर होऊ शकते.

वळण बिघडले म्हणून लगेच टायरला दोष देऊ नये. आधी हवा पाहावी, कारण कमी हवेनेही हँडल जड होते. मग पुढचे चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना फिरवावे आणि कोनसेट, म्हणजे हँडलच्या आसाचे बेअरिंग, अडकतो किंवा ढिला आहे का ते तपासावे. त्यानंतर मागच्या टायरचाही साचा घ्यावा, कारण मध्यावर सपाट झालेला मागचा टायर नव्या पुढच्या टायरचा सारा गुण झाकून टाकतो. नवा टायर घेताना शक्यतो एकाच निर्मात्याची पुढची-मागची जोडी घ्यावी आणि निर्मात्याने मान्यता दिल्याशिवाय रेडियल (आतले धागे आडवे) आणि बायस (धागे तिरपे) टायर एकत्र वापरू नयेत. पहिले 150 किलोमीटर कल हळूहळू वाढवत न्यावा.

फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, नळ्या टीमध्ये (त्यांना वर पकडून ठेवणाऱ्या भागात) वरखाली सरकवणे हा शेवटचा उपाय, आणि तोही एका वेळी 2 ते 3 मिलिमीटरच. कमी उंचीच्या टायरमुळे खाली आलेला पुढचा भाग त्याने पुन्हा उचलता येतो, पण त्रिज्येमुळे गेलेला ट्रेल परत मिळत नाही. उलट नळ्या वर घेऊन पुढचा भाग खाली आणला असेल, तर फोर्क पूर्ण दबल्यावर चाक किंवा मडगार्ड रेडिएटरला लागत नाही ना, हे गाडी रस्त्यावर नेण्याआधी पाहावे.