भाज्यांच्या स्मूदीवर आधारलेला कच्चा आहार: सुरुवात कशी करावी

दिवसातील तीन जेवणांपैकी दोन कच्ची ठेवावीत आणि एक नेहमीसारखे शिजवलेले असावे, अशी रचना मी या आहारासाठी सुचवेन. कच्च्या दोन जेवणांपैकी एक भाज्यांच्या स्मूदीचे आणि दुसरे चावून खाण्याच्या भरपूर सॅलडचे असावे. कच्च्या आहाराचे काटेकोर पुरस्कर्ते साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेले सर्व अन्न वर्ज्य मानतात. परंतु ही सीमा पाळण्याने शरीराला काही वेगळा लाभ होतो असे दिसत नाही, उलट डाळी, कडधान्ये आणि धान्ये यांसारखे पोटभरीचे व प्रथिने देणारे पदार्थ आहारातून जवळजवळ नाहीसे होतात.

कच्च्या अन्नातील विकरे (एन्झाइम) पचनाला मदत करतात, हा या आहाराच्या बाजूने नेहमी केला जाणारा दावा मी बाजूला ठेवतो. विकरे ही प्रथिनेच असतात, जठरातील आम्लात त्यांपैकी बहुतेक निकामी होतात आणि पचनासाठी लागणारी विकरे शरीर स्वतःच तयार करते. खरा लाभ याहून साधा आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट (एक ब जीवनसत्त्व) उष्णतेने व उकळत्या पाण्यात कमी होतात, ते कच्च्या भाजीत टिकून राहतात. शिवाय एरवी ज्यांच्या पोटात जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे जात नाहीत, त्यांचे हे प्रमाण आपोआप भरून निघते आणि मीठ, साखर व तळलेले पदार्थ कमी होतात. मात्र गाजरातील बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन शिजवल्यावर अधिक सहज शोषले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

काही लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग सुरू करू नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांच्या बाबतीत हिरव्या पानांमधील के जीवनसत्त्व एकाएकी वाढले तर औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, तसेच रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना, भाज्या व केळी यांमधील पोटॅशियम घातक पातळीपर्यंत चढण्याचा धोका असतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना अचानक कमी कर्बोदके खाल्ल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. ज्यांना पूर्वी मुतखडा झाला आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत आणि ज्यांचे खाण्याशी नाते पूर्वी बिघडलेले होते, अशांनीही आधी सल्ला घ्यावा. लहान मुलांना हा आहार देऊ नये.

सुरुवात एका स्मूदीने करावी आणि पहिला आठवडा तेवढ्यावरच थांबावे. बाकीची दोन्ही जेवणे जशीच्या तशी ठेवावीत. तंतुमय पदार्थ एकदम वाढले की पोट फुगणे, वायू होणे आणि शौचाच्या सवयीत बदल होणे हे प्रकार घडतात. मोठ्या आतड्यातील जिवाणूंना नव्या खाद्याची सवय होण्यास दोनतीन आठवडे लागतात. कोबी, फ्लॉवर, कांदा यांसारख्या वायू करणाऱ्या भाज्या या काळात थोड्याच घ्याव्यात आणि पाणी वाढवावे, कारण पुरेसे पाणी नसताना वाढवलेले तंतू बद्धकोष्ठ करतात. दुसऱ्या आठवड्यात सॅलडचे जेवण जोडावे.

पहिली स्मूदी अशी करावी: ६० ग्रॅम पालक, सालासह १०० ग्रॅम काकडी, अर्धे सफरचंद, आल्याचा लहान तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस आणि २०० मिलिलिटर पाणी. चव उत्तम लागते, पेला भरलेला दिसतो; पण त्यात जेमतेम ८० किलोकॅलरी आणि तीन ग्रॅमहूनही कमी प्रथिने असतात. भाज्यांच्या स्मूदीवर राहणाऱ्यांना दुपारी जो थकवा जाणवतो, त्याला बहुधा ‘शरीरातील विषे बाहेर पडत आहेत’ असे नाव दिले जाते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती निव्वळ उपासमार असते. याच मिश्रणात २५ ग्रॅम भोपळ्याच्या बिया, एक मोठा चमचा जवसाची पूड आणि एक केळे घातले की ऊर्जा साधारण ३७० किलोकॅलरींपर्यंत जाते आणि प्रथिने १२ ते १३ ग्रॅमपर्यंत पोहोचतात. आता ते जेवण झाले. जवस मात्र दळूनच घालावे, कारण अख्खे दाणे बहुतांशी न पचताच बाहेर पडतात. बियांमधील स्निग्धांशाचा आणखी एक उपयोग असा, की कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व यांच्या शोषणासाठी स्निग्ध पदार्थ लागतोच.

वाटण्याच्या क्रमाकडे दुर्लक्ष केले तर पेल्यात पानांचे धागे राहतात. आधी पाने आणि पाणी एवढेच घालून ती पूर्ण बारीक करावीत, मग काकडी, सफरचंद यांसारखे घट्ट तुकडे घालावेत आणि केळे शेवटी घालावे. बिया सुमारे चार तास भिजवून ठेवल्यास साध्या मिक्सरमध्येही मऊ वाटल्या जातात. मिश्रण गाळू नये. गाळले की चोथ्याबरोबर तंतू जातात आणि हाती उरतो तो रस, ज्यातील साखर रक्तात वेगाने शिरते. फळे बेतानेच घालावीत. बीट आणि पालक एकत्र वाटल्यास रंग चिखलासारखा होतो. चवीत काही बिघडत नाही, तरी पहिल्याच दिवशी तो मोह टाळलेला बरा.

या आहारातील सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे ऑक्झलेट, हा भाज्यांमध्ये निसर्गतः असणारा एक घटक. पालक, बीट, बीटची पाने आणि स्विस चार्ड यांमध्ये त्याचे प्रमाण फार मोठे असते. शिजवून पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेटचा विरघळणारा भाग निघून जातो, परंतु कच्च्या स्मूदीत तो पूर्णच्या पूर्ण पोटात जातो. आणि एरवी जो माणूस मूठभर पालक खातो, तोच वाटलेला पालक जुडीभर सहज पिऊन टाकतो. शोषलेले ऑक्झलेट मूत्रपिंडात कॅल्शियमशी जोडले जाऊन त्याचे स्फटिक बनतात. रोज मोठ्या प्रमाणावर हिरव्या स्मूदी पिऊन मूत्रपिंड निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. अशा रुग्णांमध्ये बहुधा मूत्रपिंड आधीच दुबळे असते किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असते, परंतु आपले मूत्रपिंड दुबळे आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते. म्हणून पालक आठवड्यातून दोनतीनदाच वापरावा आणि इतर दिवशी लेट्यूस, केल किंवा कोबी यांसारखी कमी ऑक्झलेटची पाने घ्यावीत. बदामातही ऑक्झलेट भरपूर असते, म्हणूनच वरील कृतीत पालकाबरोबर भोपळ्याच्या बिया घेतल्या आहेत. दूधदुभते चालत असेल तर स्मूदीत वाटीभर दही घालावे. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र याच्या जोडीला घेऊ नयेत, कारण त्या जीवनसत्त्वाचा काही अंश शरीरात ऑक्झलेटमध्येच रूपांतरित होतो.

केल आणि कोबी यांच्या कुळातील भाज्या कच्च्या आणि अतिप्रमाणात खाल्ल्या तर थायरॉइडला आयोडीन वापरण्यात अडथळा येऊ शकतो. आयोडीनयुक्त मीठ आहारात असेल आणि पाने आलटून पालटून घेतली जात असतील तर निरोगी माणसाला याची चिंता करण्याचे कारण नाही.

प्यायलेले अन्न चावलेल्या अन्नाइतकी तृप्ती देत नाही. स्मूदी घट्ट ठेवून चमच्याने सावकाश खावी आणि सोबत मूठभर काहीतरी चावण्याजोगे घ्यावे. याच कारणाने दुसरे कच्चे जेवण मी सॅलडचे सुचवले आहे. किसलेले गाजर, टोमॅटो, काकडी, कोवळी पाने, अर्धे अ‍ॅव्होकाडो किंवा चमचाभर तेल, वर अक्रोड अथवा तीळ, एवढ्यावर ते पूर्ण होते.

काही पदार्थ कच्च्या आहारातही कच्चे खाऊ नयेत. राजम्यामध्ये फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते, त्यामुळे मूठभर कच्च्या दाण्यांनीही तीव्र उलट्या व जुलाब होऊ शकतात. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळून शिजवावा, कारण मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रास देऊ शकतो. कसावाचे (ज्यापासून साबुदाणा करतात ते) कंद, हिरवट पडलेले बटाटे आणि रानटी अळंबी यांनाही स्मूदीत स्थान नाही. मोड आलेली धान्ये व कडधान्ये कच्च्या आहाराचा कणा मानली जातात. परंतु मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत ५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मोड खायचेच असतील तर ते वाफवून घ्यावेत, आणि वृद्ध, गरोदर स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड पूर्ण टाळावेत.

भाज्या चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात, पाने एकेक सुटी करावीत, साबण वापरू नये. मिक्सरचे पाते व त्याखालील रबरी कडी दर वेळी काढून घासावी. तयार स्मूदी लगेच घ्यावी. उरलीच तर झाकण लावून ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावी आणि २४ तासांत संपवावी. लिंबाच्या आम्लामुळे दातांवरील आवरण काही काळ मऊ पडते, म्हणून प्यायल्यावर चूळ भरावी आणि अर्धा तास तरी दात घासू नयेत.

शिजवलेल्या जेवणात डाळ किंवा कडधान्य, एखादे धान्य आणि, चालत असल्यास, अंडी, मासे किंवा दूध असावे. प्रौढ माणसाला शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ४८ ग्रॅम. त्यांतील मोठा वाटा याच जेवणातून यावा लागतो.

दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करावे. जादा वजन उतरवणे हा हेतू नसताना ते सलग घटत गेले तर बिया, तेल आणि शिजवलेल्या जेवणाचे प्रमाण वाढवावे. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अंशतः किंवा पूर्णतः बंद झालेली आढळली होती, आणि आहारातील कच्च्याचा वाटा जितका मोठा तितके हे प्रमाण अधिक होते. म्हणून पाळी लांबली किंवा चुकली, तर प्रयोग तिथेच थांबवून तपासणी करून घ्यावी. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, तिची मात्र भीती बाळगू नये.

प्राणिजन्य पदार्थ अजिबात न घेणाऱ्यांनी बी १२ जीवनसत्त्वाची गोळी पहिल्या दिवसापासून घ्यावी. प्रौढांना त्याची दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम एवढीच गरज असते, पण ती भाज्यांतून भागत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता फार उशिरा दिसते आणि तोवर हातापायांना मुंग्या येण्यासारखे मज्जातंतूंचे विकार सुरू झालेले असू शकतात. भरपूर फोलेटमुळे रक्तातील तिची खूणही झाकली जाते. आहार काही महिने चालू ठेवायचा असल्यास बी १२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) या तपासण्या सुरुवातीला एकदा करून त्यांचे आकडे जपून ठेवावेत, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीशी ते ताडून पाहता येतील.