पुढून जड गाडी वळणात बाहेर जाते? आधी हवा नीट लावा

स्विफ्ट किंवा पोलोसारख्या हॅचबॅकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असतात, म्हणून साधारण ६० टक्के किंवा त्याहूनही जास्त वजन पुढच्या दोन टायरांवर पडतं. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच आणि ब्रेकचा बराचसा भारही त्यांच्यावरच. त्यामुळे ऑटोक्रॉसमध्ये (वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर एकेक गाडी वेळ लावून पळवायची स्पर्धा) स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळ जाऊ बघते. हेच अंडरस्टीअर. सस्पेन्शनवर पैसे घालायच्या आधी टायरची हवा मोजायचा एक चांगला गेज घ्या.

सुरुवात पुढच्या टायरांपासून. हवा कमी केली की पकड वाढते असं अनेकांना वाटतं, पण रस्त्याचे टायर लावलेल्या जड नाकाच्या गाडीत बहुतेकदा उलटंच होतं: वळणात साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) दुमडते, टायर कडेवर चढतो आणि गाडी आणखी बाहेर जाते. म्हणून डांबरी ट्रॅकवर, टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा ४ ते ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त भरा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. गाडी सावलीत हवी. एका बाजूवर ऊन असेल तर गेज फसवतो.

आता खडू. ट्रेडच्या (टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीदार भाग) कडेपासून साइडवॉलपर्यंत तीन ठिकाणी जाड आडव्या रेघा ओढा आणि एक रन, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मारून या. रेघ ट्रेड संपते तिथपर्यंतच पुसली गेली असेल तर हवा बरोबर आहे. खाली साइडवॉलवरही पुसली असेल तर २ पीएसआय वाढवा, आणि कडेला खडू तसाच राहिला असेल तर २ ने कमी करा. नव्याने रेघा ओढून पुन्हा बघा. या कामात घाई नको, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पुढचे टायर जमले की त्यांना हात लावायचा नाही. उरलेलं अंडरस्टीअर मागच्या हवेने काढायचं. मागे एका वेळी २ पीएसआय वाढवत जा. हवा गरजेपेक्षा जास्त झाली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग घटतो, मागची पकड सुटू लागते आणि नाक वळणात शिरतं. प्रत्येक बदलानंतर मोकळ्या जागेत, भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघा. मागचा भाग झटकन बाहेर आला तर २ पीएसआय परत काढा. पाऊस आला तर मागची वाढवलेली हवा लगेच उतरवा, ओल्यावर अशी गाडी सहज गरकन फिरते.

तापमान ५-६ अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण १ पीएसआय चढतं. म्हणून रनवरून आल्या आल्या गरम प्रेशर मोजून वहीत लिहा आणि दिवसभर तोच आकडा राखा. पुढचे टायर फार तापले तर दोन रनच्या मधे त्यांच्यावर पाणी मारा.

घरी निघण्याआधी टायर गार होऊ द्या आणि चारही टायरांत स्टिकरप्रमाणे हवा करा.